कोळंबचा फायबरवाला: बाबांच्या बग्गीचे साचे जपून घेतले, त्याचा अनुभव

मालवणहून आचऱ्याला जाताना कोळंबचा पूल ओलांडला की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता खाडीकडे उतरतो. माडांमधून शंभरेक पावलं गेलं की पत्र्याची लांबलचक शेड लागते. बाहेर उपड्या घातलेल्या दोन-तीन होड्या असतात आणि रेझिनचा, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवाचा, तो उग्र, गोडसर वास. बोर्ड नाही. पुलावर कुणालाही ‘फायबरवाल्याकडे जायचंय’ म्हणून विचारा, हात करून दाखवतील. इथे मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या बनतात, दुरुस्त होतात, पाण्याच्या टाक्यांना ठिगळं लागतात. मी तिथे गाडीचे साचे घेऊन गेले होते. सात महिने ये-जा केली. ज्यांच्या घरी जुन्या फायबरच्या गाडीचे, बोटीचे किंवा कसलेही साचे पडून आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

माझं देवगडला औषधांचं दुकान आहे. बाबा मुंबईत एका कारखान्यात फायबरच्या कामावर होते. १९८५ च्या सुमाराला नोकरी सोडून त्यांनी भांडुपला भाड्याचा गाळा घेतला आणि एक छोटी उघडी गाडी, म्हणजे बग्गी, बनवायला घेतली. खाली पाइपचा सांगाडा, त्यावर प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन, तिचाच गिअरबॉक्स, तिचाच मागचा अ‍ॅक्सल, आणि वर बाबांची फायबरची बॉडी. घेणाऱ्याने भंगारातली पद्मिनी आणायची, बाबांकडून बॉडी आणि सांगाड्याचे सुटे भाग न्यायचे आणि मेकॅनिक धरून गाडी जोडायची. अशा ११ बॉड्या गेल्या. मग गाळ्याचं भाडं परवडेना. १९९१ मध्ये घरच्या सामानाबरोबर ट्रकमध्ये सात साचे घालून बाबा देवगडला परतले.

साचे मांगरात, म्हणजे गवत-सामान ठेवायच्या खोपीत, गेले. मुख्य बॉडीला बाबा ‘टब’ म्हणायचे, त्याचे तीन तुकडे: डावा, उजवा, मागचा. शिवाय बॉनेट, डॅशबोर्ड आणि पुढचे दोन मडगार्ड. बॉनेटच्या साच्यात आम्ही गवत पसरून आंब्याची आढी घालायचो. आकारच तसा होता, खोलगट आणि गुळगुळीत. लहानपणी त्यात काही गैर आहे असं कधी वाटलं नाही. बाबाही काही बोलले नाहीत. २०१४ मध्ये ते गेले. त्यानंतर चार-पाच वर्षांनी मांगराचं छप्पर बदलायला काढलं, तेव्हा साच्यांवरचं गवत उपसलं आणि आत हिरव्या जेलकोटवर, म्हणजे साच्याच्या आतल्या कडक, गुळगुळीत थरावर, आंब्याच्या चिकाचे काळे डाग बघून मला पहिल्यांदा धस्स झालं. उजव्या मडगार्डाचा साचा तर नव्हताच. कधीतरी कुणीतरी फोडून टाकला असावा.

साचा म्हणजे काय, हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फायबरची गाडी बनवताना आधी लाकूड, प्लास्टर, जाळी वापरून गाडीचा पूर्ण आकार घडवतात. त्याला पॅटर्न म्हणतात. तो घासून काचेसारखा करायचा, त्यावर मेण चढवायचं आणि वरून जेलकोट, फायबरची मॅट, रेझिन असे थर देऊन साचा काढायचा. पॅटर्न बहुधा इथेच मोडतो. पुढची प्रत्येक बॉडी साच्याच्या आतून निघते. म्हणजे बाबांच्या हाताने घडवलेला मूळ आकार आज फक्त साच्याच्या आतल्या पृष्ठभागावर आहे. रस्त्यावर असलेल्या गाड्या त्याच्या प्रती आहेत. आणि प्रतीही ठोकलेल्या, पुट्टी भरलेल्या, उन्हात वाकलेल्या.

‘मग एखादी चांगली गाडी धरून तिच्यावरून नवीन साचा काढायचा, त्यात काय?’ हे मला एका मोठ्या शहरातल्या फायबर वर्कशॉपमध्ये ऐकवलं गेलं. जुने साचे फेकून द्या, आठ दिवसांत नवीन देतो, म्हणाले. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पॉलिस्टर रेझिन सुकताना आकसतं. आत काचेचा धागा असतो म्हणून आकसणं थोडं राहतं, तरी राहतंच. गाडीवरून काढलेला साचा आकसतो, त्यातून निघालेली बॉडी परत आकसते, तिच्यावरून कुणी पुन्हा साचा काढला तर आणखी. कडा बोथट होतात, खाचा भरतात, दार आणि बॉनेट एकमेकांना लागेनासे होतात.

अमेरिकेतल्या मायर्स मॅन्क्स या गाडीच्या अशाच नकला निघाल्या. ब्रूस मायर्स हा कॅलिफोर्नियाचा बोटी बनवणारा माणूस. १९६४ मध्ये त्याने फायबरची बीच बग्गी बनवली. पहिल्या १२ गाड्यांना खालचा सांगाडासुद्धा वेगळा नव्हता, बोटीसारखी सगळी ताकद फायबरच्या बॉडीतच होती. ते महाग पडायला लागलं म्हणून पुढे फोक्सवॅगन बीटलचा तळ सव्वाचौदा इंच कापून आखूड करायचा आणि त्यावर बॉडी बसवायची, असं किट तो विकू लागला. लोकांनी एकेक किट विकत घेतलं, त्यावरून साचे काढले आणि स्वस्तात विकायला सुरुवात केली. मायर्स कोर्टात गेला, पेटंट होतं तरी हरला, आणि १९७१ मध्ये कंपनी बंद पडली. बाबांनी भांडुपच्या गाळ्यात भिंतीवर मॅन्क्सचा मासिकातून कापलेला फोटो लावला होता. मायर्स मूळचा बोटींच्या साच्यांवर काम केलेला कारागीर होता, हे मला खूप नंतर वाचायला मिळालं. तेव्हा मनात आलं की आपले साचे गाडीच्या वर्कशॉपमध्ये कशाला, होडीवाल्याकडे न्यायला हवेत.

असा मी कोळंबचा रस्ता धरला. पहिल्या खेपेला साचे नेलेच नाहीत, फोटो नेले. मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी मोबाइलवरचे फोटो एका नजरेत बघितले आणि म्हणाले, “फोटोत काय दिसणा नाय. घेवन येवा.” मग बोलेरो पिकअपच्या दोन खेपा, आचऱ्यावरून. फाळक्याबाहेर आलेल्या साच्याच्या टोकाला लाल फडकं बांधलं होतं. मीठबावच्या चढावर प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वरखाली होत होता.

साचे शेडमध्ये उतरवल्यावर मिस्त्रींनी काय केलं ते सांगते. आधी सगळं गोड्या पाण्याने धुवून काढलं. मग खिशातून एक रुपयाचं नाणं काढून साच्याच्या पाठीवर वीतभर अंतराने टिचक्या मारत गेले. थर घट्ट असेल तिथे खणखणीत आवाज येतो, थर सुटले असतील तिथे बद्द. बद्द वाजलं की खडूने गोल. सहा साच्यांवर मिळून १७ गोल झाले. मग संध्याकाळ होऊ दिली, शेडचे दिवे घालवले आणि एक बॅटरी साच्याच्या कडेला आडवी धरून आतून उजेड सोडला. दिवसा जो पृष्ठभाग सपाट वाटत होता त्याच्यावर लाटा दिसायला लागल्या. होडीची बाजू बघायला ते लाकडाची एक लवचीक पट्टी वापरतात, ती वळणावर दाबून धरली की कुठे उंच-सखल आहे ते बोटाला कळतं. तीच पट्टी त्यांनी बॉनेटवर लावली. औषधाच्या दुकानात आयुष्य गेलेल्या मला तपासणी कशाला म्हणतात ते कळतं. ही तपासणी होती.

टबाचे तीन तुकडे जोडून कर्ण मोजले तर १९ मिलिमीटरचा फरक. मी हादरले. मिस्त्री शांत. “साचो बरो आसा. फ्रेम गेली म्हणान वाकडो दिसता.” बाबांनी साच्यांना पाठीमागून लाकडाच्या चौकटी बांधल्या होत्या. त्यांना वाळवी लागली होती. ३० वर्षं साचा स्वतःच्या वजनाने एका कोपऱ्यावर बसला होता. फायबर लाकडासारखं कुजत नाही, पण आधार नसेल तर हळूहळू खचतं.

कामाला जून उजाडला. इथे माझी पहिली तक्रार, आणि ती खरी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत सगळ्या होड्या दुरुस्तीला येतात. मला एप्रिलमध्ये ‘पावसाआधी देतो’ सांगितलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले तर माझे साचे शेडच्या मागच्या कोपऱ्यात, आणि पुढे चार होड्या. मी थोडी चिडले. मिस्त्री म्हणाले, “आदी होडये. तेंचा पोट आसा.” याच्यावर मला काही बोलता आलं नाही. पण तारीख देतानाच हे सांगायला हवं होतं. तुम्ही जाणार असाल तर नारळी पौर्णिमेनंतर जा. तेव्हा हात मोकळे असतात आणि हवाही कोरडी व्हायला लागते.

हवा कोरडी असणं या कामाला फार लागतं. पावसाळी दमटपणात जेलकोट नीट पकडत नाही, वरून चिकट राहतो, रेझिन सुकायला वेळ लागतो आणि सुकवायला हार्डनर वाढवला की ठिसूळ होतं. तीन आठवडे साचे नुसते पंख्याखाली वाळत ठेवले होते. मला तेव्हा तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला, नंतर तसं वाटलं नाही. थरांमध्ये मुरलेलं पाणी आत ठेवून वरून जेलकोट मारला असता तर वर्षभरात फोड आले असते.

रसायनांची शिस्त मला या शेडमध्ये सगळ्यात आवडली, आणि हे मी माझ्या धंद्याच्या नजरेने सांगते आहे. पॉलिस्टर रेझिनमध्ये कोबाल्ट आणि हार्डनर दोन्ही घालावे लागतात, पण ती दोन थेट एकमेकांत मिसळली तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. इथे कोबाल्टचा डबा एका भिंतीला आणि हार्डनरचे कॅन समोरच्या भिंतीला, मध्ये पूर्ण शेड. पोरांना ताकीद आहे की एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्याशिवाय दुसऱ्याच्या भिंतीकडे जायचं नाही. हार्डनर मात्र बाटलीच्या बुचाने मोजत होते. किलोभर रेझिनला साधारण १० ते २० मिली लागतो, बुचाने त्यात केवढा फरक पडणार. पुढच्या खेपेला मी दुकानातून सिरिंजचं एक पाकीट नेलं. आता सगळं सिरिंजनेच मोजतात. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मेही नेले. ते मात्र पोरं कपाळावर लावून फिरतात. हे चुकीचं आहे, आणि मी ते त्यांना प्रत्येक वेळी सांगते.

ऑगस्टच्या शेवटी खरं काम सुरू झालं. टबाचे तीन तुकडे बोल्टने जोडले, पाण्याच्या नळीने चारी टोकं लेव्हलला आणली, खचलेल्या कोपऱ्याखाली पाचरी आणि वर वाळूच्या पिशव्या. बाजूने हॅलोजनचे दिवे लावून साचा हाताला कोमट लागेल इतका तापवला. दोन दिवस तसाच. पाचर दर तासाला एक टिचकी पुढे. तिसऱ्या दिवशी कर्णांमधला फरक दोन मिलिमीटरवर आला. मग पाठीमागून लोखंडी पाइपची चौकट. पाइप थेट साच्याला चिकटवला तर त्याचा पट्टा आतल्या पृष्ठभागावर उमटतो, म्हणून मध्ये रबराची पट्टी ठेवून, थर पूर्ण सुकल्यावर आणि थोडं थोडं करून बांधणी केली.

बद्द वाजलेले १७ भाग पाठीमागून उघडून कोरडे केले आणि नव्याने मॅट भरली. आतल्या बाजूला जेलकोटमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा होत्या, कुठे आंबा आपटला असेल, कुठे फावडं. त्या व्ही आकारात खोदून त्यात साच्याचा खास जेलकोट भरला. हा नेहमीच्या जेलकोटपेक्षा कडक असतो, उष्णता जास्त सोसतो. बाबांचा जेलकोट हिरवा आहे. मिस्त्रींनी भरला तो काळा. मला ते विचित्र दिसलं, हिरव्या पृष्ठभागावर काळे ठिपके आणि रेघा. हिरवा मिळाला नाही का, विचारलं. मिळतो, म्हणाले. मग काळा का?

“मागना येतल्या माणसाक कळाक व्हया, खंय हात लावलो तो.”

पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांत जुन्या चित्रांची, मूर्तींची डागडुजी करणारे लोक हाच नियम पाळतात: आपलं काम मूळ कामापासून ओळखू यावं. कोळंबच्या शेडमध्ये हे कुणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही. होडी पुन्हा दुरुस्तीला येते, तेव्हा आधीचा हात कुठे लागला होता हे माहीत असावं लागतं, त्यातून आलेलं असणार.

आणि आता एका खड्ड्याची गोष्ट. टबाच्या मागच्या तुकड्यात, डाव्या दिव्याच्या वर, साच्यावर करंगळीच्या नखाएवढा उंचवटा आहे. म्हणजे बॉडीवर तिथे खड्डा येतो. बाबांच्या पॅटर्नचा तिथला टवका उडाला होता आणि ते लक्षात येईपर्यंत साचा निघाला होता. बाबांनी ११ पैकी प्रत्येक बॉडीवर तो खड्डा पुट्टीने भरला, पण साच्यावरचा उंचवटा घासला नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. साच्याला पॉलिश पेपर लावायचा दिवस आला तेव्हा मिस्त्रींचा मला फोन आला. “बाय, हय एक गाठ आसा. घासू काय ठेवू?” मी दुकानात गिऱ्हाइकासमोर होते. ठेवा, म्हटलं. ते म्हणाले, माकाय तसाच वाटला.

मी या जागेचं कौतुक का करते आहे ते या एका फोनमध्ये आहे. घासणं दोन मिनिटांचं काम होतं. कुणीही चांगला कारागीर ते न विचारता करून टाकेल आणि वर सुधारणा केली म्हणून सांगेल. त्या दुसऱ्या, मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये मला हेडलाइटची भोकं ‘आजच्या फॅशनची’ करून देतो असंही म्हणाले होते. साचा जपणं हे काम सुधारण्याच्या कामापासून वेगळं आहे. कापायच्या रेषा, दिव्यांच्या भोकांच्या खुणा, मध्यरेषा, बाबांनी अणकुचीदार खिळ्याने साच्यावर ओढलेलं सगळं आजही आहे. पॉलिश करताना त्या रेषांवर चिकटपट्टी लावून ठेवली होती. ६०० नंबरच्या पाणपेपरपासून १५०० पर्यंत गेले, पण दुरुस्ती केलेल्या जागांपुरतेच. बाकी पृष्ठभागावर फक्त जुनं मेण काढलं आणि कंपाउंडने हात फिरवला. चिकाचे डाग पूर्ण गेले नाहीत. ते पृष्ठभागाच्या खाली नाहीत, नुसता रंग आहे, बॉडीवर येत नाहीत. राहू दिले.

उजव्या मडगार्डाचं मात्र वेगळं. साचाच नाही तर जपणार काय? बाबांच्या ११ गाड्यांपैकी एक सावंतवाडीत एका डॉक्टरांकडे आहे. त्यांनी ती १९८९ मध्ये घेतली आणि अजून वाड्याच्या पडवीत झाकून ठेवली आहे. त्यांनी उजवं मडगार्ड काढून दिलं. त्यावरचे रंगाचे थर उतरवून मिस्त्रींनी त्यावरून साचा काढला. म्हणजे जे करू नये असं वर सांगितलं, तेच. पर्याय नव्हता. काढल्यावर मी स्वतः टेपने मोजलं. मूळ मडगार्ड लांबीला ९२ सेंटिमीटर, नव्या साच्यात तीन मिलिमीटर कमी. मिस्त्रींना हे आधीच माहीत होतं. “होडयेक तीन मिली गेले तर दर्या इचारणा नाय. गाडयेक बोल्टाचा भोक जुळाक व्हया.” म्हणून बोल्टाची जागा लांबट ठेवली आहे. साच्याच्या पाठीवर पंच मारून ‘नक्कल’ असं लिहिलं आहे, खाली महिना आणि वर्ष. बाकी सहा साच्यांवर ‘मूळ’. हे मी सुचवलं नव्हतं.

मेण चढवण्याचं काम दोन दिवस चाललं. कार्नौबा मेणाचे सहा हात, प्रत्येक हात वाळवून, पुसून. त्यावर, बॉडी साच्याला चिकटू नये म्हणून, पीव्हीए या द्रवाचा पातळ थर. मग मी ठरवलं की एक बॉडी काढायची. विकण्यासाठी नाही. साचा साठवताना त्याच्या पोटात एक बॉडी ठेवली तर साचा आकार सोडत नाही आणि आतल्या पृष्ठभागाला धूळ, दमट हवा लागत नाही. होडीच्या साच्यांनाही इथे तसंच करतात. पण पोटात ठेवण्याआधी एकदा बाहेर काढून बघायची होती, साचा बॉडी नीट सोडतो का ते.

बॉडी काढायच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेले. आईलाही नेलं, खुर्ची टाकून शेडच्या दारात बसवलं. पीव्हीए पाण्यात विरघळतो, म्हणून आधी फ्लँजच्या, म्हणजे साच्याच्या कडेच्या पट्टीच्या, फटीत पाणी सोडलं. मग लाकडाच्या पाचरी, चारी बाजूंनी, हलक्या हाताने. बराच वेळ काहीच नाही. मिस्त्री रबरी हातोड्याने पाठीवर थापटत फिरत होते, आई म्हणाली, अहो जपून. मग मागच्या डाव्या कोपऱ्यातून नारळ फुटावा तसा एक आवाज झाला, आणि पाठोपाठ लांब सुस्कारा सोडल्यासारखी हवा आत गेली. साच्याचा डावा तुकडा सुटला. पोरांनी उजवा ओढला. मध्ये बॉडी उभी, पीव्हीएच्या हिरवट पापुद्र्याने चकचकीत. शेवटची अशी बॉडी भांडुपला निघाली तेव्हा मी सहावीत होते.

आई उठली, चालत गेली, आणि तिने थेट डाव्या दिव्याच्या वरच्या खड्ड्यावर बोट ठेवलं.

हिशोबाचं सांगते. सगळं मिळून ७४,००० रुपये झाले. त्यात सहा साच्यांची दुरुस्ती, चौकटी, उजव्या मडगार्डाचा नवीन साचा आणि एक पूर्ण बॉडी. पिकअपचं भाडं वेगळं. फायबरचं साहित्य काय भावाने येतं ते मी चौकशी करून पाहिलं आहे, मजुरी वाजवी आहे. पण अंदाजपत्रक लेखी दिलं नव्हतं, वहीत पेन्सिलीने मांडलं होतं, आणि सुरुवातीला सांगितलेला आकडा ५५,००० होता. वाढ का झाली ते प्रत्येक वेळी दाखवलं, फसवणूक नाही. तरी कागद हवा. दुसरी तक्रार चौकटींची. लोखंडाला फक्त रेड ऑक्साइड मारला होता. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तो टिकत नाही. दोन महिन्यांत जोडांवर गंज दिसला. मी देवगडला परत सगळं घासून इपॉक्सी प्रायमर मारून घेतला. तुम्ही सुरुवातीलाच गॅल्व्हनाइज्ड पाइप मागा, थोडे पैसे जास्त गेले तरी.

लोक विचारतात की आता गाडी रस्त्यावर आणणार का. नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचला तर कंपनीने दिलेल्या गाडीत मूलभूत बदल करून ती रस्त्यावर चालवता येत नाही हे स्पष्ट आहे. बाबांचे दिवस वेगळे होते. विलायतेत तर सुट्या भागांत गाडी घेतली की खरेदी कर लागत नसे, म्हणून घरोघरी लोक लोटस कंपनीची सेव्हन ही छोटी उघडी गाडी जोडायचे. १९७३ मध्ये तिकडे व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने ती गाडी सोडून दिली, कॅटरहॅम या दुसऱ्या कंपनीने हक्क घेतले आणि तीच गाडी आजही बनते आहे. आपल्याकडे अलिबागला चिंकारा मोटर्सने त्याच धाटणीची रोडस्टर बनवली, इसुझूच्या १.८ लिटर इंजिनाची. बेंगळुरूच्या सिपानी डॉल्फिनची बॉडीही फायबरची होती, मूळ इंग्लंडच्या रिलायंट किटनची. मालकी बदलली, देश बदलला, तरी साचे आणि हक्क हातातून हातात गेले म्हणून गाडी पुढे चालली. माझ्या हातात हक्क-बिक्क काही नाही, साचे आहेत.

एकाने साचे थ्रीडी स्कॅन करून ठेवायला सांगितलं. करणार आहे, ती नोंद म्हणून चांगली. पण स्कॅनमध्ये खिळ्याने ओढलेल्या रेषेची खोली येईल की नाही याची मला खात्री वाटत नाही, आणि स्कॅनमधून बॉडी काढायची तर पुन्हा पॅटर्न आला, पुन्हा साचा आला. पहिला मान साच्याचा.

सध्या साचे मांगरात आहेत. जमिनीपासून दीड फूट उंच लोखंडी घोड्यांवर, पोटात बॉडी घेऊन. प्लास्टिकने घट्ट गुंडाळलं तर आत घाम धरतो, म्हणून वरून जुन्या सुती चादरी. बॉनेट आणि डॅशबोर्डच्या साच्यांवर मेणाचा शेवटचा हात न पुसता तसाच ठेवला आहे, मिस्त्रींनी सांगितलं म्हणून. दर दसऱ्याला चादरी काढून नाण्याच्या टिचक्या मारायच्या, हेही त्यांनीच सांगितलं. यंदा मारल्या. सगळीकडे खणखणीत.

सावंतवाडीच्या डॉक्टरांचा फोन आला होता. त्यांच्या गाडीचं बॉनेट मागे फांदी पडून चिरलं आहे आणि पुट्टीवर पुट्टी चढवून आता वजनाने बिजागऱ्या सैल झाल्या आहेत. साच्यातून नवीन काढून मिळेल का, विचारत होते. मिस्त्रींशी बोलले. तुळशीचं लग्न झालं की या, म्हणाले, आणि या वेळी तारीख वहीत लिहून घेतली आहे. आढी घालायला मी दोन मोठ्या लाकडी पेट्या करून घेतल्या आहेत.